चार डॉक्टरांचे अध्यक्ष

पेशंट समोर येऊन बसला की आमचे अध्यक्ष त्याला 'काय होतंय' असे कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कसे आलात?" चालत, बैलगाडीतून, कुणाच्या खांद्यावरून की घोंगडीच्या झोळीतून, हे त्यांना आधी कळायला हवे असे. मग कुठून आलात, कधी निघालात, वाटेत पाणी लागले का. एवढे झाल्यावर ते नाडीला हात लावत. एखादा नवखा माणूस वैतागून म्हणे, "सायब, पोटात दुखतंया, पायात न्हाई." त्यावर ते शांतपणे म्हणत, "पोट तुझं एकट्याचं दुखतंय. वाट सगळ्या तालुक्याला दुखतीय."

त्यांचा दवाखाना भोरला, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. नाव काहीही असले तरी सगळा गाव त्यांना अध्यक्ष म्हणे. हे अध्यक्षपद होते भोर आणि वेल्हे भागातल्या डॉक्टर मंडळाचे. संस्थान विलीन झाल्यावर त्यांनी हे मंडळ काढले. त्यात एकंदर चार जण. अध्यक्ष स्वतः, नसरापूरचे डॉक्टर, भोरचे वृद्ध वैद्यबुवा आणि नुकतेच पुण्याहून शिकून आलेले धाकटे डॉक्टर. बैठक अमावास्येला भरे, कारण आमच्याकडे अमावास्येला कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही. त्या दिवशी घेतलेले औषध लागू पडत नाही अशी समजूत. वैद्यबुवांनाही ती मनातून पटत असे, पण अध्यक्षांसमोर ते बोलत नसत.

मंडळाची मागणी एकच होती. वेल्ह्याला सरकारी दवाखाना हवा, तिथे राहणारा डॉक्टर हवा, शिकलेली नर्स हवी, आणि बाळंतिणीसाठी दोन खाटांची खोली हवी. चार खाजगी डॉक्टरांनी सरकारकडे फुकट दवाखाना मागावा याचे लोकांना नवल वाटे. नसरापूरचे डॉक्टर जिभेचे तिखट होते. ते म्हणत, "अध्यक्ष, जगात असा वाणी पाहिलात का, जो शेजारी धर्मादाय दुकान उघडा म्हणून अर्ज करतो?" अध्यक्ष म्हणत, "माल माझ्याकडं आहे आणि गिऱ्हाईक डोंगरात मरतंय. असलं दुकान काय चाटायचंय?"

मी त्या मंडळाचा कार्यवाह होतो. मी डॉक्टर नव्हे, मास्तर. उत्रोळीच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी इंग्रजी शाळा कुणी पाहिली नव्हती. शाळेत असताना मला विषमज्वर झाला आणि अध्यक्षांनी मला त्यातून ओढून काढले. मी उठून बसू लागल्यावर वडील म्हणाले, "आता शाळा पुरं. जीव वाचला, शेतात राबंल." अध्यक्षांनी औषधाची बाटली खाली ठेवली आणि म्हणाले, "जीव मी वाचवलाय. त्याचं काय करायचं ते मला विचारून ठरवा." वडील त्यांना घाबरत, म्हणून मी शिकलो. बी. ए. होऊन भोरच्या शाळेत लागलो तेव्हा पेढे घेऊन गेलो. अध्यक्षांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मास्तर, इंग्रजी अर्ज लिहिता येईल ना आता? बसा." अशा रीतीने मी कार्यवाह झालो.

त्या अर्जांमागे आमच्या घरचेही एक दुखणे होते. माझी थोरली बहीण, आक्का, वेल्ह्याच्या पलीकडे, कानंदी नदी ओलांडून डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत दिली होती. तिचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, उत्रोळीला झाले. पायांवर सूज चढली, डोके ठणकू लागले, झटके आले. अध्यक्ष भोरहून सायकलने धावत आले म्हणून आक्का वाचली. मूल वाचले नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि दिवस भरत होते ते ऐन श्रावणात. पहिले माहेरी, पुढची सासरी, ही रीत. आक्काच्या सासूबाई मला स्पष्ट म्हणाल्या, "पाव्हनं, एकदा धाडली व्हती की म्हायेरी. मोकळ्या ओटीनं आली. आता हितंच हुंदे. आन लावणीच्या दिसांत सून धाडली तर चिखलात कोन उतरंल?"

अध्यक्ष वाडीवर जाऊन दिवसभर त्यांच्या अंगणात बसून राहिले. सासूबाईंनी त्यांना ताक दिले, भाकरी दिली, सून दिली नाही. येताना ते मला म्हणाले, "मास्तर, पावसाआधी वेल्ह्याला ती खोली आणि नर्स मिळाली, तर आक्काची काळजी मी करणार नाही. म्हातारी नदीच्या अलीकडं पाठवायला तयार होईल, ते माहेर नव्हे म्हणून. खोली नाही मिळाली तर मला काही सांगता येत नाही." त्यांनी खोटा धीर कुणालाच दिला नाही, आणि मलाही दिला नाही.

उन्हाळ्यात कळले की आरोग्य खात्याचे जिल्ह्याचे मोठे साहेब वेल्ह्याला स्वतः पाहणीला येणार आहेत. दवाखाना एकच द्यायचा होता. दुसऱ्या एका तालुक्याचीही मागणी होती. जिथे गरज अधिक दिसेल तिथे तो जाणार. मंडळाची बैठक भरली. नसरापूरचे डॉक्टर म्हणाले, "अध्यक्ष, माझं एकच ऐका. साहेब येईपर्यंत तुम्ही वेल्ह्याकडं फिरकू नका. खरूज असू दे, नारू असू दे, डोळे आलेले असू देत. साहेबाला बघू दे."

"म्हणजे दुखणी मुरवत ठेवायची? लोणच्यासारखी?"

"महिनाभर. पुढच्या शंभर वर्षांसाठी."

वैद्यबुवांनी मान डोलावली. धाकट्या डॉक्टरांनीही. अध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नाही जात."

पुढच्याच रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. खांद्याला पिशवी. "चला मास्तर, आक्काची सूज बघून येऊ. बाकी कुणाला हात लावणार नाही." आम्ही आक्काला पाहिले. त्यांनी तिच्या पायावर अंगठा दाबला, खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. तिचे मीठ तोडले. परतताना वाटेवर एक धनगर दगडावर बसला होता. पोटरीतून नारूचा जंत दोऱ्यासारखा बाहेर आलेला, पाय सुजून भोपळा झालेला. अध्यक्ष त्याला ओलांडून पुढे गेले. दहा पावले गेले असतील. मग थांबले. माझ्याकडे न बघता मागे वळले, खाली बसले, आणि काडीवर तो दोरा हलक्या हाताने गुंडाळू लागले. "आता ह्याला काय सांगू?" ते पुटपुटले. "साहेबांसाठी राखून ठेवलाय म्हणून सांगू?"

एकदा हात लागल्यावर त्यांना थांबता येईना. दर रविवारी आम्ही जात राहिलो. मलम, सल्फाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, हिवतापाचे औषध. आपल्या दवाखान्यातले होते नव्हते ते त्यांनी त्या वाड्यांवर रिते केले. मीही आनंदाने पिशवी वाहिली, कारण दर खेपेला आक्का दिसत असे.

साहेब आले तो दिवस मला आजही समोर दिसतो. वेल्ह्याच्या शाळेपुढचे अंगण शेणाने सारवलेले होते. आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण होते. पोरे धुतलेल्या सदऱ्यांत लेझीम घेऊन उभी होती. आसपासच्या वाड्यांवरून बाया नव्या लुगड्यांत आल्या होत्या. आणि एकही दुखणेकरी नव्हता. जे अजून अंथरुणाला होते त्यांना पाटलांनी पहाटेच गोठ्यांत आणि खळ्यांवर हलवले होते. अध्यक्षांनी हे पाहिले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. ते पाटलांना बाजूला घेऊन काही सांगणार, तोच जीप आली.

साहेब सज्जन होते. त्यांनी हार घेतला, लेझीम पाहिले, मग स्वतःच विचारले, "आजारी कुठे आहेत?"

पाटील हात जोडून म्हणाले, "आपल्या किरपेनं गावात दुखणंबाणं काय न्हाई, सायब."

"साहेब, हे खरं नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. तो तसा चढलेला मी आधी ऐकला नव्हता. "आजारी लपवलेत. गोठ्यात चला, मी दाखवतो. पाटील, खरं सांगा. तुमची सून महिनाभर तापात आहे ते सांगा."

पाटलांचा चेहरा काळवंडला. "डाक्टरसायब, पाव्हन्यासमोर असं का बोलताय? आमी काय वंगाळ केलं तुमचं?"

सुवासिनी आरती घेऊन उभ्या होत्या. त्यांत आक्का होती. सासूबाईंनी तिला मुद्दाम आणले होते. भरल्या पोटाची सून ओवाळायला असली की शुभ. अध्यक्ष तिच्याकडे गेले. "साहेब, या बाईंचे पाय बघा. फक्त पाय. एका दृष्टीत तुम्हाला कळेल. आक्का, पाय दाखव बाळ."

सगळे गाव बघत होते. आक्काने एकदा सासूकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग तिने लुगड्याचा काठ खाली ओढून पाय झाकून घेतले आणि मान खाली घातली. साहेबांनी मर्यादेने तोंड दुसरीकडे फिरवले. "असू द्या डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "बाईमाणसाला अवघडवू नका."

मी तिथेच उभा होतो. मी 'दाखव' म्हणालो असतो तरी तिने दाखवले नसते, हे मला आजही ठाऊक आहे. सासरच्या वेशीवर भावाचा शब्द तो किती.

जीप गेल्यावर पाटील अध्यक्षांसमोर येऊन बसले. रागापेक्षा दुःखच जास्त होते त्यांना. "गावाची अब्रू घालवली तुमी. अवो, संस्थानात राजाचा दौरा आला की आमी असंच गाव नटवायचो. राजा खूश झाला की हीर द्यायचा, धर्मशाळा द्यायचा. रडक्या गावाला कोन काय देतंय? तुमच्या दवाखान्यासाठीच केलं की समदं."

अध्यक्ष त्यांना म्हणाले, "पाटील, तुमचं चुकलं नाही. राज्य बदललं ते मीच तुम्हाला सांगायचं राहिलं." वाटेत गाडीत ते एवढेच बोलले, "आता गोड दिसणाऱ्याला मिळत नाही, मास्तर. आणि कुरूप राहायला माणसं तयार नाहीत. मीही त्यांना राहू दिलं नाही."

निकाल आला. दवाखाना दुसऱ्या तालुक्याला गेला. तिथेही माणसेच राहत असतील, असे अध्यक्ष म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी दवाखाना लवकर बंद केला.

पाऊस लागला. नागपंचमी झाली तसे अध्यक्ष भोरचा दवाखाना धाकट्या डॉक्टरांवर सोपवून वेल्ह्याच्या शाळेत येऊन राहिले. मी रजा घेऊन त्यांच्याबरोबर. नदी उतरली की पलीकडे जायचे आणि आक्काजवळ बसायचे, एवढाच बेत. पण कानंदी उतरेना. आम्ही रोज काठाला जाऊन उभे राहत होतो. गढूळ पाणी झाडे घेऊन चाललेले.

एके दुपारी पलीकडच्या काठावर माणसे दिसली. बांबूला बांधलेली घोंगडीची झोळी. पुढे आक्काचे मालक, आमचे दाजी, मागे वाडीतले गडी. झोळी खाली ठेवली तेव्हा आतली आक्का ताठ होऊन थरथरताना आम्हाला अलीकडून दिसली. अध्यक्ष पाण्यात शिरले. आमच्या काठावरच्या गड्यांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढले. ते ओरडू लागले, "कुशीवर वळवा. तिला कुशीवर वळवा." पाण्याच्या गर्जनेत त्यांचा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता, तो तिकडे काय पोचणार. मग त्या साठीकडे झुकलेल्या माणसाने काय करावे? ते काठाच्या चिखलात डाव्या कुशीवर आडवे झाले. गुडघे पोटाशी घेतले, मान मागे केली, आणि हाताने खुणा करू लागले: अशी, अशी निजवा. पलीकडे दाजींना कळले. त्यांनी आक्काला तशीच वळवली. मग अध्यक्षांनी खिशातला रुमाल घडी करून दातांत धरला आणि बोट दाखवले. दाजींनी डोक्याचे मुंडासे फाडून चिंधी तिच्या दातांत दिली. डॉक्टरला जे हातांनी करायचे ते सगळे त्यांनी त्या चिखलात पडून, अंगाने करून दाखवले. औषधाची सुई मात्र त्यांच्या पिशवीत होती, आणि पिशवी अलीकडे होती.

दिवस कलताना पाणी थोडे उतरले. धनगरांनी दोर टाकला आणि अध्यक्षांना खांद्यावर घेऊन पार नेले. मी दोराला धरून मागून गेलो. आक्का शांत झालेली होती. अध्यक्षांनी तिचा हात धरला, पापणी उचलली, पोटाला कान लावला. मग लुगड्याचा काठ ओढून त्यांनी तिचे पाय झाकले. त्यांच्या कोटाची एक बाजू चिखलाने माखलेली होती. सासूबाई पाठीमागून धापा टाकत आल्या आणि खाली बसल्या.

दसऱ्यानंतर अध्यक्षांनी भोरचा दवाखाना उचलला आणि वेल्ह्याला बिऱ्हाड केले. पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी सासरी. त्यांना अडवणारे कुणी नव्हते. नसरापूरचे डॉक्टर तेवढे भांडले. "पुन्हा तेच करताय तुम्ही. तुम्ही तिथं बसलात की सरकार म्हणेल, सोय आहे."

तसेच झाले. आम्ही नवा अर्ज केला, त्याला उत्तर आले की सदर ठिकाणी खाजगी डॉक्टर उपलब्ध असल्याने मागणी तूर्त विचारात घेता येत नाही. मी ते अध्यक्षांना वाचून दाखवले. ते हसले. "सदर खाजगी डॉक्टर म्हणजे मी का? बरा दिसतो कागदावर."

मी सुटीत जात असे. त्यांच्या खोलीत झाडलोट, चूल, पाणी सगळे आक्काच्या सासूबाई करत. नदी उतरून रोज येत, आणि पावसात तिथेच ओसरीवर राहत. पोटुशी बाई आली की तिला दारातच अडवून म्हणत, "पाय दाव, पोरी. लाजू नगं. लाजंपायी माझी सून गेली." अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "नर्स मागितली होती ना आपण?" ते गमतीने म्हणाले, पण मला हसू आले नाही.

काही वर्षांनी त्यांना दम लागू लागला. चार पावले टाकली की थांबत. नसरापूरचे डॉक्टर आणि मी त्यांना भोरला न्यायला गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली आणि नळी गुंडाळून ठेवली.

"चला खाली," ते म्हणाले. "सहा महिने विश्रांती. नाही तर हृदय जुमानणार नाही."

अध्यक्ष ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी गेलो तर इथं कुणी नाही. आणि मी इथं आहे तोवर इथं कुणी येणार नाही. मास्तर, तुम्ही बी. ए. झालात. सांगा, काय करू?"

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारले नव्हते. मला शिकवले त्यांनीच, त्यामुळे मला उत्तर येत असेल अशी त्यांना खरोखर आशा होती. तेवढ्यात एक गुराखी आला, त्याच्या बापाला विंचू चावला होता. अध्यक्ष खांबाला धरून उठले. आम्हाला म्हणाले, "जेवल्याशिवाय जाऊ नका," आणि हळूहळू त्याच्या मागे गेले. ही माझी त्यांची शेवटची भेट.

ते वेल्ह्यालाच गेले, माघात. निरोप आला तेव्हा वैद्यबुवांनी मंडळाची बैठक बोलावली. मी कार्यवाह, म्हणून दुखवट्याचा ठराव लिहायला बसलो. वैद्यबुवांनी सांगायला सुरुवात केली, "कै. अध्यक्षांच्या निधनाने या भागाची जी हानी..." नसरापूरच्या डॉक्टरांनी त्यांना थांबवले.

"ठराव नंतर. आधी सांगा, वेल्ह्याला कोण जाणार?"

वैद्यबुवा सत्तरी ओलांडलेले होते, त्यांना चढ चढवत नव्हता. धाकट्या डॉक्टरांच्या घरी नुकते मूल झाले होते. नसरापूरकरांची आई अंथरुणाला खिळलेली. प्रत्येकाचे कारण खरे होते आणि प्रत्येकाने ते खाली बघत सांगितले. मी मास्तर, मला नाडीही बघता येत नव्हती. मग वैद्यबुवांनी जोडे पायात घातले, धाकटे डॉक्टर उठले, आणि मी दौतीचे झाकण लावले. ठराव पहिल्या ओळीवरच राहिला.